बाबांना कळू द्यायचं नाही

"मॅडम, बाबांसमोर आजाराचं नाव काढू नका. त्यांना काहीच माहीत नाही. कळलं तर हाय खातील." जिन्यातच गाठून लेकीने मला बजावलं. गंभीर आजारी माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडिलांचं वय सत्तरीच्या पुढे, स्वादुपिंडाचा कर्करोग. उपचार थांबले होते, आता फक्त वेदना कमी करणारी औषधं. घरात त्याला 'पोटातली सूज' म्हणायचं ठरलं होतं. रिपोर्टांची फाईल कपाटावर, हात पोहोचणार नाही अशी. चाळीस वर्षं हिशेब तपासण्यात घालवलेला माणूस गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव वाचणार नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

ती फोन घ्यायला बाहेर गेली, तसे ते म्हणाले, "दार लोटून घ्या जरा. मला काय झालंय ते मला ठाऊक आहे. पण मला कळलंय हे तिला सांगू नका. तिचा जीव थोडा थोडा होतो."

म्हणजे एकच गुपित, दोघांनी एकमेकांपासून लपवलेलं. आमच्या कामात याला 'मौनाचा कट' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. कटात हेतू वाईट असतो, इथे नुसती माया असते. पण त्या मायेपायी ते एकटे पडले होते. उशाखालून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. कुठली किल्ली कशाची, एवढंच त्यांना लेकीला सांगायचं होतं. विषय काढला की ती म्हणायची, "बाबा, अभद्र बोलू नका."

त्यांचं गुपित मी फोडणार नव्हतेच. "मी बोलू का तिच्याशी?" असं विचारलं, तर म्हणाले, "नको, माझं मी बघतो."

तिच्याशी बोलले ते एवढंच : तुम्ही काही जाहीर करू नका. ते किल्ल्यांचं बोलायला लागले तर थांबवू नका. "बाबा, तुम्हाला कशाची काळजी वाटते?" असं विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं भारी अवघड जातं, मलासुद्धा. जेवढं विचारतील तेवढंच सांगा, पण खोटं सांगू नका.

"आणि ते खचले तर?"

वाईट वाटेल, रडतील, एखादी रात्र झोप लागणार नाही. पण मनात सगळं माहीत असून कुणाशीच बोलता न येणं, हे मी जास्त जड जाताना पाहिलं आहे. तिने नेटवर दुःखाच्या पाच अवस्था वाचल्या होत्या : नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. "बाबा आता कितव्या पायरीवर असतील?" मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. पण तो जिना नव्हे. सकाळी शांत असलेला माणूस दुपारी चिडतो, रात्री पुढच्या वर्षीचे बेत करतो. पायऱ्या मोजत बसलं की समोरचा माणूस काय बोलतोय ते ऐकायचं राहून जातं.

प्रत्येकाला बोलतं करायलाच हवं, असंही नाही. सुरुवातीच्या काळात एका आजींना मी चिकाटीने विचारत राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "मला नाही ऐकायचं, बाई." त्यांचं बरोबर होतं, घाई माझी होती. तेव्हापासून आधी विचारते : किती जाणून घ्यायला आवडेल?

आठवड्याने तिचा फोन आला. बाबांनी जुडगा काढला, ती शेजारी बसली. प्रत्येक किल्लीला त्यांनी वेगळ्या रंगाचा दोरा बांधून घेतला. एक किल्ली कशाची ते त्यांनाही आठवेना, ती तेवढी बिनदोऱ्याची राहिली, दोघं हसले. मग त्यांनीच विचारलं, "डॉक्टर किती दिवस म्हणाले?" तिने सांगितलं. ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं झालं बोललीस. रात्री मी एकटाच जागा असतो."

त्या रात्रीपासून तिने अंथरूण त्यांच्या खोलीत घातलं.

ते गेल्यावर काही दिवसांनी ती आली. "रडूच येत नाही मॅडम, मी दगड झालेय का?" नाही म्हटलं, त्या खोलीतल्या रात्रींत बरंचसं रडून झालं असेल, उरलेलं कधी येईल सांगता येत नाही. मग पर्समधून तिने बिनदोऱ्याची ती किल्ली काढली. घरातल्या सगळ्या कुलपांना ती लावून पाहून झाली होती. एकालाही लागली नव्हती.