गोगोलच्या कथा वाचून रशियन माणसाचा स्वभाव कळतो का?

नाही. कळते ती रशियातली कचेरी. रशियन लेखक गोगोलच्या 'ओव्हरकोट' कथेतला कारकून अकाकी इतकं निमूट सोसतो, हा रशियन स्वभावच का, आणि त्या काळातलं आणखी काय वाचावं, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या प्रश्नावरून आमच्या वाचनकट्ट्यावर माझं चांगलंच वाजलं होतं.

तिथे एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "रशियन माणूस जात्याच लाचार. झार असो नाहीतर कम्युनिस्ट, मान खालीच." माझं डोकं फिरलं. माझे वडील कचेरीत बारनिशीवर होते, अव्वल कारकून न होताच निवृत्त झाले. साहेबाच्या दाराबाहेर फाइल छातीशी धरून ताटकळताना मी त्यांना पाहिलंय. घरी त्यांचा आवाज चढला की सगळी चाळ गप्प. त्यांना जात्याच लाचार म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

मी तिथेच पुस्तक उघडलं. कथेतला बडा साहेब बढतीच्या आठवडाभर आधीपासून आरशासमोर दरडावायची तालीम करतो. बरोबरीच्यांत हाच माणूस भला, मदतीला येणारा. एक पायरी खालचा कुणी समोर आला की मात्र तोंडाला कुलूप. तिथेच एक टिट्युलर कौन्सिलर, म्हणजे त्या हुद्द्याचा सरकारी नोकरदार, येतो. छोट्या कचेरीचा प्रमुख होताच तो पार्टिशन घालून भेटीगाठींची खास खोली काढतो, दाराशी लाल कॉलरचे पट्टेवाले उभे करतो. आत टेबल जेमतेम मावतं! अकाकीही हुद्द्याने टिट्युलर कौन्सिलरच, पण वर्षाला 400 रूबलवर कागदांच्या नकला उतरवणारा. यात रक्ताचा काय संबंध? झार पीटरने 1722 मध्ये नोकरदारांच्या 14 पायऱ्या लावून दिल्या, पहिली सर्वांत वरची; त्यातली ही नववी. गोगोलच्याच 'नाक' (1836) मध्ये तर आठव्या पायरीवरचा कोवाल्योव स्वतःच्याच नाकाशी बोलायला कचरतो, कारण नाकाच्या अंगावर पाचव्या पायरीचा गणवेश!

"हा सगळा फापटपसारा," कट्ट्यावरचे ते निवृत्त साहेब म्हणाले. साहेबांवरची पानं साहेबांना फापटपसारा वाटतात, हे माझं मत आजही कायम आहे. आणि अकाकी शेवटपर्यंत निमूट कुठे राहतो? मेल्यावर भूत होऊन तो त्याच बड्या साहेबाचा कोट हिसकावतो.

एक मात्र मान्य करायला हवं. पवित्र रशियात जो तो आपल्या साहेबाची नक्कल करतो, असं गोगोल त्याच कथेत लिहितो. म्हणजे देशाला त्याने अगदीच मोकळं सोडलेलं नाही. पण तो टोला मिरवण्यावर आहे, सोसण्यावर नाही. शिवाय गोगोल युक्रेनमधल्या पोल्टावाकडचा, 1828 अखेर पीटर्सबर्गला आला आणि तिथे स्वतः कारकुनी केली.

पुढे पुश्किनची 'स्टेशनमास्तर' (1831) घ्या. हा रेल्वेचा नव्हे, टपालाचे घोडे बदलण्याच्या ठाण्याचा मास्तर. नायक चौदाव्या, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरचा. हुद्द्यामुळे तो फक्त मारापासून वाचतो, तेही नेहमी नाही, असं पुश्किन सुरुवातीलाच सांगतो. तुमच्याकडेही कुणी स्वभावाचं पालुपद लावलं तर हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.