मोठ्या कंपनीत सगळ्या सॉफ्टवेअरला मिळून एकच लॉगिन करायचं असेल, तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: ग्रुपचे चार प्लँट, दोन बेळगावात (होनगा आणि मच्छे), एक गोकुळ शिरगावला, एक पुण्याकडं. 3 हजारांच्या आसपास माणसं, दहा-बारा सॉफ्टवेअर, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. मालक म्हणतात एकच लॉगिन करा. तुम्हाला भीती, की एक पासवर्ड गेला की सगळंच गेलं. आणि विचारताय, एकच लॉगिन देणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं ऑक्टा घेऊ, मायक्रोसॉफ्टचं घेऊ की फुकटातलं कीक्लोक?

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कंपनीत हेच काम बघतो, म्हणून आधी तुम्हालाच एक विचारतो. आज तुमच्याकडं कोण कोण कामाला आहे, याची एकच यादी कुणाकडं आहे? पर्मनंट लोकांची एचआरकडं असते, कंत्राटी कामगारांची कंत्राटदाराकडं, ट्रेनी पोरांची ट्रेनिंगवाल्या साहेबांच्या एक्सेलमध्ये. ऑडिटर, कन्सल्टंट, मशीनच्या सर्व्हिसला येणारे इंजिनिअर यांची कुणाकडंच नसते. ही यादी एका जागी येत नाही तोवर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, ते चुकीच्या यादीवरच इमानदारीनं काम करणार.

पासवर्ड कमी होतात हा फायदा आहेच, पण तो वरवरचा. खरा हिशेब माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी लागतो. मे 2021 मध्ये अमेरिकेतली कोलोनियल ही इंधनाची पाइपलाइन सायबर हल्ल्यामुळं बंद पडली, आणि तिथल्या कितीतरी पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. हल्लेखोर आत शिरले होते एका जुन्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायची वाट) खात्यावरून. ते खातं कुणी वापरत नव्हतं, पण बंदही कुणी केलं नव्हतं, आणि पासवर्डशिवाय त्याला दुसरी कडी नव्हती. तुमच्या दहा-बारा सॉफ्टवेअरमध्ये अशी खाती नक्की असणार. आमच्याकडंही पहिली यादी काढली तेव्हा रिटायर झालेल्या माणसांची चालू खाती निघाली होती.

इथंच एक गैरसमज फार महागात पडतो. सिंगल साइन-ऑन (एसएसओ), म्हणजे हेच एकच लॉगिन, ही फक्त दारावरची ओळख. मेन गेटवर वॉचमन एकदा ओळखपत्र बघतो, शिक्का मारून पास देतो, मग आतले विभाग पासवरचा शिक्का बघून आत घेतात, परत ओळखपत्र मागत नाहीत. सॅमल (SAML) काय आणि ओपनआयडी कनेक्ट काय, दोन्ही हा शिक्क्याचा पास कसा लिहायचा याचेच नियम. सॅमल 2.0 हे 2005 चं, ओपनआयडी कनेक्ट 2014 चं. नवीन सॉफ्टवेअर बहुतेक ओपनआयडी कनेक्ट बोलतं, मोठ्या कंपन्यांची जुनी सॅमल.

पण माणूस सोडून गेला आणि तुम्ही त्याचं मुख्य खातं बंद केलं, तरी प्रत्येक सॉफ्टवेअरमधलं त्याचं आतलं खातं जागच्या जागी राहतं. मोबाईल ॲपमध्ये तो आधीच लॉगिन असेल तर कधीकधी आठवडाभर चालू राहतो. त्या सॉफ्टवेअरला जुना स्वतःचा पासवर्डही चालत असेल, तर त्याच्यासाठी मागचं दार उघडंच. खाती आपोआप तयार करणं आणि आपोआप बंद करणं हे वेगळं काम आहे, त्याचा नियम म्हणजे स्किम (SCIM), त्याची 2.0 आवृत्ती 2015 ची. विकणारा माणूस 'आमच्याकडं एसएसओ आहे' म्हणाला की लगेच पुढचा प्रश्न टाका: स्किम आहे का?

आता आपल्या भागाची खास डोकेदुखी, नावं. इमेल पत्ता किंवा नाव हीच ओळख धरलीत तर फसलात म्हणून समजा. तुमच्याकडं एस. पाटील किती आहेत मोजून बघा. संजय, सुनील, सिद्धप्पा, शिवाजी, आणि त्यातले निम्मे एकाच गावचे. मग एस पाटील 2, एस पाटील 7 अशी खाती तयार होतात आणि सातव्याचं अप्रूव्हल दुसऱ्याकडं जातं. त्यात कुणाची मार्कशीट कन्नड शाळेची, कुणाची मराठी शाळेची, आधारवर तिसरंच स्पेलिंग. एका कागदावर जोतिबा, दुसऱ्यावर ज्योतिबा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचा प्रश्न वेगळाच. ओळख धरायची ती एम्प्लॉई नंबरची. एकदा दिला की बदलायचा नाही, आणि माणूस गेल्यावर दुसऱ्याला द्यायचा नाही. इमेल पत्त्याचंही तेच. सोडून गेलेल्या एस. पाटलांचा पत्ता नवीन आलेल्याला दिलात, तर इमेलवरूनच माणूस ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्याचे सगळे अधिकार नव्याला फुकट.

तसंच प्लँटच्या रकान्याचं. 2014 ला बेळगाव शहराचं सरकारी नाव बदललं, तेव्हापासून एचआरच्या डेटामध्ये दोन-तीन स्पेलिंगं नांदतात. 'अमुक प्लँटच्या लोकांना अमुक सॉफ्टवेअर' असा नियम लावलात की अर्धी माणसं बाहेर राहतात. इथं नावाचा वाद घालत बसू नका, प्लँटला कोड द्या.

ऑफिसातल्या लोकांना नवीन लॉगिन एका दुपारी शिकवता येतं. शॉप फ्लोअरचं तसं नाही. तिथं कामगाराला कंपनीचा इमेल नसतो, चार मशीनमागं एक कॉम्प्युटर असतो, आणि सगळे 'शिफ्ट 1' नावाच्या एकाच खात्यावर काम करतात. एअरोस्पेसचं काम असेल तर बऱ्याच ठिकाणी आत मोबाईलच नेऊ देत नाहीत, म्हणजे मोबाईलवरच्या ओटीपीची गोष्टच संपली. पण नेमकं तिथंच गिऱ्हाइकाचा ऑडिटर विचारतो, हा इन्स्पेक्शन रिपोर्ट कुणी पास केला? 'शिफ्ट 1 ने' हे उत्तर त्याला चालत नाही. अशा ठिकाणी गेटचंच कार्ड टेकवून आणि छोटा पिन टाकून लॉगिन, किंवा यूएसबीत लावायची फिडो की (ओळख पटवणारी छोटी किल्ली), हे दोनच मार्ग मला पटतात. कीला पैसे लागतात, हरवतातही, तरी मी तिच्याच बाजूनं आहे. ऑफिसवाल्यांना एसएमएस ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप द्या. चंदगडच्या खेड्यातून किंवा खानापूरच्या जंगलपट्ट्यातून येणारा माणूस घरून लॉगिन करताना रेंज शोधत गच्चीवर जातो. ॲपमधला दर 30 सेकंदांनी बदलणारा आकडा मोबाईल स्वतःच तयार करतो, त्याला नेटवर्क लागत नाही. फक्त घड्याळ बरोबर पाहिजे. घड्याळाचं सर्व्हरलाही लागू आहे: विंडोज डोमेनमध्ये (कंपनीचे सगळे कॉम्प्युटर एका सर्व्हरवरून लॉगिन होतात ती व्यवस्था) कॉम्प्युटरची वेळ 5 मिनिटांपेक्षा जास्त सरकली की लॉगिन नाकारलं जातं, आणि लोक पासवर्ड बदलत बसतात.

आता तुमची भीती. आज दहा पासवर्ड आहेत म्हणजे दहा कुलपं आहेत असं समजू नका. बहुतेकांनी सगळीकडं एकच पासवर्ड ठेवलाय, शेवटचा आकडा तेवढा बदलून. सगळ्यात कच्च्या सॉफ्टवेअरमधून तो फुटला की बाकीची दारं आपोआप उघडी. एकच दार केलं तर त्याच्यावर पक्का पहारा बसवता येतो. पण भीती अगदीच खोटी नाही. 2023 ला खुद्द ऑक्टाच्या सपोर्ट सिस्टीममध्ये चोरटे शिरले होते. 2020 च्या सोलरविंड्स (नेटवर्क सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवणारी अमेरिकन कंपनी) प्रकरणात काही ठिकाणी पासवर शिक्का मारायची डिजिटल किल्लीच चोरीला गेली, मग हवे तसे पास छापले गेले. म्हणून ॲडमिनची खाती मोजकी, त्यांना फिडो की सक्तीची. आणि दोन आणीबाणीची खाती अशी, की मुख्य लॉगिन बंद पडलं तरी ती चालतील. त्यांचे पासवर्ड आणि फिडो की पाकिटात, पाकीट तिजोरीत, आणि अधूनमधून चालवून बघायचं. जुलैत केबल तुटून इंटरनेट गेलं तर फ्लोअर थांबतो का, हेही आधीच बघा. उत्पादनाचं सॉफ्टवेअर स्थानिक लॉगिनवरही चाललं पाहिजे.

पासवर शिक्का मारायच्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपते, हे विकताना सहसा कुणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये ती साधारण 3 वर्षांची असते. संपली की एका सकाळी अख्ख्या कंपनीचं त्या सॉफ्टवेअरमधलं लॉगिन बंद. तारीख तीन जणांच्या कॅलेंडरमध्ये टाका.

कुठलं घ्यायचं? मायक्रोसॉफ्ट 365 आधीच असेल तर एन्ट्रा आयडी (जुनं नाव ॲझ्युअर एडी) सोडून दुसरीकडं जायला मला कारण दिसत नाही. कामगारांसाठी त्यांचे एफ1, एफ3 हे कमी दराचे परवाने आहेत, ते विचारा. ऑक्टा चांगलं आहे, पण दर माणशी दर महिना भाव असतो. 3 हजारांनी गुणून मगच मालकांना सांगा. कीक्लोकला परवान्याचा पैसा लागत नाही, मात्र सर्व्हर, डेटाबेस, बॅकअप आणि वरचेवर येणारी नवी आवृत्ती हे सगळं तुमच्या माणसाच्या अंगावर. असा माणूस एकच असेल आणि तो पुण्याला जायच्या विचारात असेल, तर नको.

खर्चाची खरी खोच दुसरीकडंच असते. पुष्कळ क्लाउड सॉफ्टवेअरवाले सॅमलची सोय फक्त सगळ्यात महागड्या प्लॅनमध्ये देतात. दहाही जणांकडून हे लेखी घ्या. पगाराचं जुनं स्थानिक सॉफ्टवेअर यातलं काहीच बोलणार नाही. त्याच्या मागं लागू नका, ते व्हीपीएनच्या आत ठेवा आणि त्याची खाती एचआरच्या यादीशी दर महिन्याला ताडून बघा. लॉगिनच्या नोंदी एका जागी येतात हा एक फायदा राहिलाच. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणं लॉग, म्हणजे या नोंदी, 180 दिवस जपायचे असतात, आणि बारा ठिकाणचे जपणं कठीण.

डेमोला विकणाऱ्यांना बोलवा, पण त्यांची स्लाइड बघू नका. एक खोटा कर्मचारी तयार करायला लावा, त्याला ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) आणि मोबाईल ॲप दोन्हीत लॉगिन करा. मग एचआरच्या यादीत त्याला सोडून गेलेला दाखवा आणि घड्याळ लावा. मोबाईल ॲप त्याला किती मिनिटांनी बाहेर काढतं, तो आकडा कोटेशनच्या कागदावर त्यांच्याच सहीनं लिहून घ्या.