टीव्हीच्या कडा इतक्या बारीक कशा झाल्या? पडद्याच्या ओळींना सिग्नल देणारी ड्रायव्हर चिप गेली कुठे?

अर्धी चिप काचेतच गेली. फुल एचडी पडद्यात 1080 आडव्या ओळी असतात आणि लाल-हिरवा-निळा धरून 5760 उभ्या. पूर्वी आडव्या ओळींसाठीही बाजूला वेगळ्या चिपा चिकटवायच्या आणि प्रत्येक ओळीची तार तिथवर न्यायची. कडेची जागा त्यातच जायची.

पण आडव्या ओळींचं काम अगदी साधं आहे: एकीनंतर एक चालू करणं. म्हणून पिक्सेलचे ट्रान्झिस्टर (चिमुकले विजेचे स्विच) बनतात त्याच प्रक्रियेत काचेच्या कडेला शिफ्ट रजिस्टर, म्हणजे एकामागून एक चालू होणाऱ्या टप्प्यांची साखळी, बनवतात. एक टप्पा चालू झाला की तोच पुढच्याला उठवतो, रिले शर्यतीसारखं. बाहेरून फक्त सुरुवातीचा इशारा, क्लॉकच्या (ठरावीक ठोके देणाऱ्या सिग्नलच्या) आणि वीजपुरवठ्याच्या मोजक्या तारा लागतात. याला ‘गेट ड्रायव्हर ऑन अ‍ॅरे’ म्हणतात. त्यातल्या गेट, ऑन आणि अ‍ॅरे यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली तर GOA, चक्क गोवा!

आता चढाओढ आहे ती प्रत्येक टप्प्यातले ट्रान्झिस्टर कमी करण्याची. मात्र फार छाटले तर बंद असायला हवी ती ओळ गळतीमुळे अर्धवट चालू होते आणि चित्र बिघडतं.

उभ्या ओळींना प्रत्येक पिक्सेलचं अचूक व्होल्टेज वेगाने द्यावं लागतं, म्हणून तिथे चिप अजून आहेच. अनेक फोनची खालची कड जरा जाड दिसते, त्याचं हे एक कारण.