‘अँटी’ म्हणजे नेहमीच ‘विरोधी’ का?

प्रश्न असा आहे की, प्रयोगशाळेतल्या एका कुपीवर ‘माऊस अँटी-ह्यूमन ई-कॅडहेरिन’ असे लिहिलेले आढळते. त्याचे ‘मानवविरोधी उंदीर ई-कॅडहेरिन’ असे भाषांतर केले तर चालेल का?

चालणार नाही, कारण त्या कुपीत ई-कॅडहेरिन नसतेच; असते ते ई-कॅडहेरिन ओळखून त्याला चिकटणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी), आणि नेमका हाच शब्द लेबलावर अध्याहृत ठेवलेला असतो. ‘ह्यूमन’ हे विशेषण प्रथिनाचे आहे आणि ‘माऊस’ हे प्रतिपिंडाचे. पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे माणसाचे प्रथिन हे लक्ष्य, आणि ते हुडकणारे प्रतिपिंड मूळचे उंदराचे, एवढाच त्या चार शब्दांचा अर्थ. (‘उंदीरजन्य’ हा शब्द मी टाळतो, तो वाचताच रोगराई आठवते.)

खरी अडचण ‘विरोधी’ या शब्दाची आहे. स्तनाच्या कर्करोगाचे निदान करताना ऊतीच्या पातळ कापावर हे प्रतिपिंड लावतात आणि पुढच्या रंगप्रक्रियेनंतर, प्रथिन जागेवर असेल, तर प्रत्येक पेशीच्या कडेने तपकिरी रेषा उमटून मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. लोब्युलर (स्तनातल्या दूधग्रंथींच्या खंडिकांवरून नाव पडलेल्या) प्रकारच्या कर्करोगात ही रेषा बहुधा उमटत नाही, कारण त्या पेशींनी ई-कॅडहेरिन आधीच गमावलेले असते. आता ‘ई-कॅडहेरिनविरोधी प्रतिपिंड लावले आणि प्रथिन दिसले नाही’ असे वाक्य एखाद्या सामान्य वाचकाने वाचले, तर प्रतिपिंडानेच प्रथिनाचा नायनाट केला, अशी त्याची समजूत झाल्यास दोष त्याचा नव्हे.

गंमत म्हणजे ‘प्रतिपिंड’ या शब्दात ही अडचण नाही. जर्मन वैज्ञानिक पाउल एर्लिख यांच्या १८९१ मधील लेखात आलेल्या ‘अँटिकॉर्पर’ या जर्मन शब्दाची घडण त्यात जशीच्या तशी उतरली आहे, आणि ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ म्हणणाऱ्या भाषेला ‘पिंड’ म्हणजे देह हे सांगावे लागत नाही. पण आपल्या ‘प्रति’ला दोन तोंडे आहेत : ‘प्रतिकार’मध्ये तो विरोध दाखवतो, तर पत्राच्या माथ्यावरच्या ‘प्रति,’मध्ये तो केवळ पत्ता सांगतो. लेबलावरचा ‘अँटी’ या दुसऱ्या जातीचा आहे. म्हणून ‘व्यवसायलक्षी’, ‘पूर्वलक्षी’ या धर्तीवर मी ‘मानवी ई-कॅडहेरिनलक्षी प्रतिपिंड (मूळ : उंदीर)’ असे लिहीन. काही प्रतिपिंडे प्रथिनाला चिकटून पेशींची पकड खरोखरच सोडवतात. ‘अवरोधी’ हे विशेषण त्यांच्यासाठी राखून ठेवावे.

कंसातले मूळ मात्र गाळू नये. पहिल्या प्रतिपिंडावर चिकटून रंग उमटवायला मदत करणारे दुसरे प्रतिपिंड त्याच मुळावरून निवडतात, आणि ते शेळीपासून मिळवलेले असेल तर लेबलावर ‘गोट अँटी-माऊस’ असे येते. त्याचे ‘उंदीरविरोधी शेळी’ केले, तर पंचतंत्रातली एखादी गोष्ट सुरू झाल्यासारखे वाटेल.

लेखनाबद्दलही विचारले आहे. ‘कॅधेरिन’ नको, ‘कॅडहेरिन’ बरे. कॅल्शियमच्या साहाय्याने चिकटणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतून हे नाव बनले असून त्यातले ‘ड’ आणि ‘ह’ हे वेगवेगळे उच्चार आहेत.