होळिगे, होळी आणि हलशी

निपाणीच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: "यंदा दिवाळीत पुण्या-बेंगळुरूची सगळी मंडळी घरी जमली होती. मुलींनी ओव्हनमध्ये नानकटाई केली. 'बेक केली' असं त्या म्हणतात, सासूबाई 'भाजली' म्हणतात आणि पुण्याची नणंद 'शेकली' म्हणते. बरोबर कोणतं? जाता जाता आणखी एक. पाडव्याला पुरणपोळ्या केल्या, तेव्हा गोकाककडची धाकटी जाऊ म्हणाली, आमच्याकडे याला होळिगे म्हणतात, कारण ती होळीला करतात. हे खरं का?"

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. सासूबाई बरोबर आहेत. मराठीत नानकटाई भाजतात, भाकरी भाजतात, पापड भाजतात, वीटसुद्धा भाजतात. शेकतात ती पाठ, नाहीतर थंडीत शेकोटीपुढे हात. 'पोळी शेकली' हे हिंदीतल्या 'रोटी सेंकना'चं पिल्लू आहे आणि ते गेल्या काही वर्षांत इतकं माजलंय की बेळगावच्या लग्नघरातसुद्धा आचारी 'पोळ्या शेकायला घ्या' म्हणताना मी ऐकलं. त्याच जातीचं दुसरं म्हणजे 'बनवणे'. आज काय बनवलंस, पोळ्या बनवल्या, फराळ बनवला! अहो, मराठीत माणसाला बनवतात. फराळ करतात, चकल्या पाडतात, पोळ्या लाटतात, करंज्या भरतात आणि तळतात. एकेका कृतीला स्वतःचं क्रियापद असलेली भाषा हाताशी असताना सगळ्यावर एकच 'बनवणे' ओतायचं, हे मला बघवत नाही.

'बेक करणे'वर मात्र माझा तितका राग नाही. ओव्हन घरात आला, त्याच्या मागोमाग त्याचा शब्द आला. पण भाजणे असताना त्याची गरज नव्हती, एवढंच. आमच्या लहानपणी बेळगावच्या शहापुरात दिवाळीच्या आठवडाभर आधी आई मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप फेसून घरीच गोळे करायची, पत्र्याच्या ताटांत ओळीनं मांडायची आणि ती ताटं डोक्यावर घेऊन आम्ही भट्टीवर जायचो. तिथं अख्ख्या गल्लीची ताटं रांगेत लागलेली. आपली नानकटाई दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली असे. आईची खूण म्हणजे सुरीच्या पाठीनं दाबलेली फुली, शेजारच्या अक्कांची म्हणजे मधोमध एक चारोळी. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून सगळ्या बायका एकच विचारायच्या, "आमची भाजून झाली काय हो?" बेक हा शब्द तिथं कुणाच्या तोंडी नव्हता आणि कुणाचं अडलंही नाही.

भट्टी आणि भाजणे ही तर एकाच आईची लेकरं आहेत. संस्कृत 'भ्रज्ज्' म्हणजे भाजणे. त्याच धातूपासून 'भ्राष्ट्र', म्हणजे भाजण्याचं भांडं, आणि त्या भ्राष्ट्राची प्राकृतातून झाली भट्टी. चकलीची आणि थालिपिठाची भाजणीही याच घरातली. तेव्हा भट्टीत भाजणे किंवा ओव्हनमध्ये भाजणे यात कमी पडण्यासारखं काही नाही.

आता होळिगे. हा प्रश्न तुम्ही 'जाता जाता' विचारलात, पण खरा प्रश्न हाच आहे.

होळिगेचा होळीशी काहीही संबंध नाही. तुमच्या जाऊबाईंना दोष देत नाही, कारण ही समजूत मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत पसरली आहे आणि शिकलेली माणसं ती छातीठोकपणे सांगतात. पण नीट बघा. कन्नड घरात होळिगे युगादीला होते, कार हुण्णिमेला म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेला होते, लग्नात होते. ती होळीची एकटीची मिरास नाही. आणि खाली तमिळनाडूत हाच पदार्थ 'पोळी' म्हणून विकला जातो, चक्क प घेऊन. तिथं कुठली आली होळी?

होळिगे म्हणजे आपली पोळीच. अक्षरशः तोच शब्द. संस्कृतात 'पोलिका'. तो मराठीत आला तेव्हा शेवटचा क झिजून गेला आणि पोळी उरली. कन्नडात आला तेव्हा क मेला नाही, त्याचा ग झाला: पोळिगे. पुढं कन्नडात एक मोठा बदल झाला. साधारण दहाव्या शतकापासून पुढच्या तीन-चारशे वर्षांत शब्दाच्या सुरुवातीच्या प चा ह होत गेला. जुनं 'पालु' म्हणजे दूध, ते 'हालु' झालं. 'पत्तु' म्हणजे दहा, ते 'हत्तु' झालं. पौर्णिमेची 'हुण्णिमे' झाली. संस्कृत पर्वाचं 'पब्ब' आणि पब्बाचं 'हब्ब' झालं. सणाला कन्नडात हब्ब म्हणतात ते आपलं पर्वच आहे. याच लाटेत पोळिगेची होळिगे झाली.

कुणी हुशार माणूस इथं अडवेल आणि म्हणेल, "होलिका या संस्कृत शब्दाचंही याच नियमानं होळिगे होऊ शकतं की!" होऊ शकतं. म्हणून तर मी एका शब्दावर थांबत नाही. पोळीच्या पोटात काय असतं? पुरण. कन्नडात त्याला काय म्हणतात? हूरण. शेजारच्या अक्का पुरण शिजत आलं की आईला हाक मारून सांगायच्या, "हूरण गट्टि आय्तु." पुरण घट्ट झालं. पुरणाचं हूरण कोणत्या सणावरून झालं सांगा पाहू? तिथं होळी घुसवता येत नाही. पुरणपोळी आणि हूरणद होळिगे, दोन्ही शब्द शेजारी ठेवले की दोन्हीकडे प च्या जागी ह बसलेला स्पष्ट दिसतो.

आणि शेवटचा 'गे'. तोही एकटा नाही. दीपिका: आपली दिवी, त्यांची दीविगे. पेटिका: आपली पेटी, त्यांची पेट्टिगे. घटिका: आपली घडी, त्यांची गळिगे. शेवई: त्यांची शाविगे. आणि बेळगावची शान असलेले मांडे, मूळ मंडक, त्यांना कन्नडात मंडिगे. आपण क टाकून दिला आणि शब्द आटोपशीर केला. त्यांनी त्याचा ग करून तो जपला. सणाच्या दिवशी दिवी लावण्यापासून शेवयांच्या खिरीपर्यंत एका घरात हे दोन्ही उच्चार कानावर पडतात. बेळगाव सोडून हे असं कुठं ऐकायला मिळणार?

मांड्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते. उलट्या खापरावर मांडा पसरून, आत पिठीसाखर-तूप घालून, गरम असतानाच घडी घालणं हे बघत बसावं असं काम आहे. कागदापेक्षा थोडा जाड, आणि घडी पडायला क्षणभर उशीर झाला की मोडलाच. खानदेशात तो पुरणाचा, आपल्याकडे साखरेचा. मुक्ताबाईनं ज्ञानेश्वरांच्या पाठीवर भाजले ते हेच मांडे, अशी कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. तिथंही भाजलेच म्हणतात हं, शेकले नाहीत. मनात मांडे खाणे हा वाक्प्रचार तर कन्नडातही जसाच्या तसा आहे: मनसिनल्लि मंडिगे तिन्नु. हल्ली लोक 'मनात मांडे मांडणे' लिहितात. मांडे मांडायचे नसतात, खायचे असतात. त्यातच तर त्या म्हणीचा जीव आहे: खाणं मनातल्या मनात, ताट रिकामं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला. त्याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अन्नाच्या प्रकरणात मंडकही आहे आणि पोलिकाही. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी कन्नड मुलखावर राज्य करणाऱ्या राजाच्या ताटात हे दोन्ही पदार्थ होते.

पण या सगळ्याहून मला आवडणारा पुरावा स्वयंपाकघरात नाही, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात आहे. हलशी. भूवराह नरसिंहाचं बाराव्या शतकातलं देऊळ बघायला आपण सहलीला जातो ते गाव. कदंब राजा काकुस्थवर्मा याच्या ताम्रपटात त्याचं नाव आहे पलाशिका. पळसावरून पडलेलं. पुढं कोरीव लेखांत तो प्रांत 'पलसिगे १२०००' होतो (प्रांताच्या नावापुढं असा आकडा लिहायची तेव्हा पद्धत होती), मग 'हलसिगे', आणि आपल्या मराठी तोंडी हलशी. पोलिकेच्या बाबतीत जे घडलं तेच पायरी पायरीनं गावाच्या नावात घडलेलं दिसतं: 'इका'चं 'इगे' झालं, प चा ह झाला, आणि शेवटी मराठी माणसानं तो 'गे' उडवून दिला. फरक एवढाच की पोळीचं हे कुणी दगडावर कोरून ठेवलं नाही, हलशीचं ठेवलं. मी पहिल्यांदा हे जुळवलं तेव्हा त्या देवळाच्या पायरीवर बसले होते, डब्यात आदल्या दिवशीची शिळी पुरणपोळी होती, आणि मला खरोखर घास उतरेना इतका आनंद झाला. ज्या पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर पोळी वाढली जायची, त्याच पळसाच्या गावानं पोळीचं कोडं सोडवलं.

आता दोन्हीकडच्या अभिमान्यांशी माझं भांडण आहे, तेही मांडते. आपल्यातले काही म्हणतात, कन्नडिगांनी पोळी आपल्याकडून उचलली आणि बिघडवून होळिगे केली. हे अशक्य आहे. मराठी पोळीत क उरलेलाच नव्हता, मग कन्नडात ग आला कुठून? शिवाय प चा ह होण्याच्या लाटेत हा शब्द सापडला, म्हणजे ती लाट येण्याआधीच तो कन्नडात मुरलेला होता. तिकडचे काही म्हणतात, होळिगेपासून पोळी झाली. तेही टिकत नाही. मराठीला ह चा प करण्याची खोड नाही. दोघी बहिणी एकाच घरातून निघाल्या आणि शेजारशेजारच्या घरांत दिल्या गेल्या, एवढीच गोष्ट आहे. हद्दीचा वाद करणाऱ्यांनी तो नकाशावर करावा, पोळपाटावर करू नये.

उलट एक शब्द मी कन्नडाला मोकळ्या मनानं देऊन टाकते, आणि यावर माझं ठाम मत आहे. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून वरचं पाणी काढतो त्याला आपण कट म्हणतो. त्याचीच कटाची आमटी. आमटी तिखट असते म्हणून 'कटु'वरून कट, असं सांगणारे विद्वान मला भेटले आहेत. त्यांनी आयुष्यात कधी पुरण घातलेलं नाही! डाळीवरून निथळलेला कट चाखून बघा. त्यात ना मिरची, ना मसाला. किंचित गोडसर, डाळीच्या वासाचं, बोटाला चिकटणारं पाणी असतं ते. तिखटपणा येतो तो नंतर, खोबरं-मसाला वाटून लावल्यावर. म्हणजे नाव पडलं तेव्हा पदार्थ तिखट नव्हताच. कन्नडात शिजलेल्या डाळीच्या याच पाण्याला 'कट्टु' म्हणतात आणि आमटीला 'कट्टिन सारु'. माझ्या मते आपला कट तिथूनच आला. पोळी दोघांची, पण तिच्याबरोबरची आमटी त्यांच्याकडून, आणि पोळी खाताना आपण वाटीभर आमटी दोनदा मागून घेतो हे लक्षात ठेवून या देण्याघेण्याचा हिशेब करावा.

तर नानकटाई भाजा, पोळी भाजा. जाऊबाईंना होळिगे म्हणू द्या, फक्त होळी काढून घ्या. आणि एक काम करा माझं. गोकाककडच्या त्यांच्या माहेरी डाळीच्या त्या निथळलेल्या पाण्याला, आमटी होण्याआधी, वयस्क बायका नेमकं काय म्हणतात ते विचारून कळवा. नुसतं 'कट्टु', की त्याच्या पुढंमागं आणखी काही लागतं?