मशीन सहा टनांची आहे, मग ट्रेलरवर दोन बेल्ट पुरतील ना?

तुमचा प्रश्न असा की नाशिकच्या अंबडहून न्हावा शेवाला सहा टनांची मशीन पाठवायचीय, ट्रान्सपोर्टवाला म्हणतो वस्तू जड आहे, दोन बेल्ट टाकले की जागची हलत नाही, तर पुरतील का. नाही पुरणार. आणि "जड आहे म्हणून हलत नाही" असं जो म्हणतो त्याच्याकडून लोडिंग करूनच घेऊ नका, दुसरा माणूस बघा.

मी स्वतः ट्रेलर चालवतो, नाशिक ते जेएनपीटी, म्हणजे न्हावा शेवाचंच बंदर, हा माझा नेहमीचाच रस्ता, आणि हे वाक्य मी घरातच ऐकत आलोय. सातपूरच्या एका कंपनीत आमचे दाजी डिस्पॅच बघायचे, मोठ्या ताईचे मिस्टर. तिथून मशीनचा बेड, म्हणजे खालचा ओतीव लोखंडी पाया, भरला होता, वजन साधारण तुमच्या मशीनएवढंच. वजन ॲक्सलवर नीट यावं म्हणून बेड मधोमध ठेवला, ते बरोबरच होतं, पण मग बेड आणि केबिनमागचा पत्रा यांच्यात चांगली चार फुटांची जागा मोकळी राहिली. मी तिथेच म्हटलं, दाजी, इथे लाकडं भरून टेकू द्या, आणि खालचे ठोकळे आडवे टाका, रुंद बाजू खाली, हे असे उभे ठेवलेत ते कलंडतील. संध्याकाळ झालेली, गेटपास निघालेला, सगळ्यांना घरी जायची घाई. दाजी म्हणाले, "अरे चढवायला क्रेन लागली त्याला, तो काय तुझ्या ब्रेकने हलतोय?" सगळे हमाल हसले आणि वरून दोन बेल्ट टाकून मला काढून दिलं.

कसारा घाटात पाऊस चालू होता. पुढच्या कारवाल्याने माकडं बघायला गाडी मधेच थांबवली, मी ब्रेक दाबला, मागून घर्रर्र आवाज आला आणि मग असा दणका की केबिन हलली. बाजूला घेऊन उतरून बघतो तर केबिनमागचा पत्रा आत दबून सीटच्या मागे टेकायला आलेला. एक ठोकळा कलंडून बाहेर पडला होता आणि तिथून पुढे बेडच्या कडेने हौद्याचं लोखंड खरवडून चकचकीत रेघ ओढली होती. आणि दोन्ही बेल्ट अख्खे. एक धागा तुटला नव्हता, रॅचेट, म्हणजे बेल्ट आवळायची खटकी, लॉकच होतं, बेल्टला नुसता झोळ पडून ते लोंबत होते, कारण बेड ठोकळ्यावरून खाली उतरला तिथेच त्यांचा ताण संपला. कंपनीने भाड्यातून पैसे कापले, कारण काय तर ड्रायव्हरने गाडी पळवली. जीपीएसवरचा स्पीड काढून दाखवला तरी कोणी बघितला नाही. आजही लग्नकार्यात भेटले की दाजी चार लोकांत म्हणतात, घाटात दमानं चालवावी माणसाने.

म्हणून हे नीट समजून घ्या. एसटीत उभ्याने जाताना ब्रेक लागला की किडकिडीत माणूस पण पुढे जातो आणि शंभर किलोचा पण जातो, जाड्या माणसाला काही सूट मिळत नाही. मालाचं तेच. वजन जास्त म्हणजे खाली घर्षण जास्त हे खरं, पण पुढे ढकलणारा जोर पण तेवढ्याच पटीत वाढतो, दोन्हीकडून वजन कटतं. राहतं काय, तर खाली काय आहे, लाकूड की रबर, कोरडं की तेलकट. वर उताराची भर वेगळी, आणि खड्ड्यात गाडी आपटली की क्षणभर माल हलका होतो, तेव्हा तर घर्षण जवळजवळ नसतंच.

आता तुमच्या बेल्टचा हिशोब. युरोपात जोरात ब्रेक लागला तर पुढे वजनाच्या ८० टक्के जोर येतो असं धरतात, बाजूला आणि मागे वजनाच्या निम्मा. म्हणजे तुमच्या मशीनला पुढे ४.८ टन. कोरड्या लोखंडावर लाकूड असेल तर घर्षण फार तर ४० टक्के, म्हणजे २.४ टन. उरलेले २.४ टन बेल्टने धरायचे. आता बेल्टवर "५ टन" लिहिलेलं असतं त्याने लोक फसतात. ती बेल्ट मालाला पूर्ण गोल वेढून बांधल्यावरची ताकद, वरून टाकलेला बेल्ट पाच टनांनी दाबत नाही! लेबलवर एसटीएफ शोधा, म्हणजे रॅचेट हाताने आवळल्यावर बेल्टमध्ये येणारा ताण, साध्या ५० मिमी रॅचेटला तो ३५० च्या आसपास असतो, हाताने ओढून एवढाच ताण येतो, साडेतीनशे किलो. दोन बाजू धरून ७०० किलो दाब, त्याच्या ४० टक्के म्हणजे एका बेल्टने धरले २८० किलो. करा भागाकार, कमीत कमी नऊ बेल्ट लागतात. दाजी, नऊ! आणि हे बेल्ट दोन्हीकडे जवळजवळ सरळ खाली उतरत असतील तर. मशीन बुटकी असेल आणि बेल्ट हौद्याशी ३० अंशाचाच कोन करून तिरपा जात असेल तर दाब निम्माच.

तेच ठोकळ्याच्या खाली आणि वर दोन्हीकडे रबर मॅट टाकली की घर्षण ६० टक्क्यांवर जातं आणि कमीत कमी तीन बेल्टमध्ये हिशोब बसतो. आणि पुढे पत्र्यापर्यंत लाकडं ठोकून टेकू दिला, पत्रा मजबूत असेल, तर पुढचा जोर टेकूच घेतो, बेल्ट मग बाजूच्या आणि मागच्या झोक्यासाठी. मी तर म्हणतो टेकू पण द्या आणि चारी कोपऱ्यांवरून क्रॉस साखळ्या पण ओढा, म्हणजे दाबण्यावर अवलंबून राहायलाच नको. हौदा आधी झाडून घ्या, तेल पुसा, तेल असेल तर वरचे सगळे आकडे विसरा. बेल्ट धारदार कडेवरून जात असेल तर मधे कॉर्नर, म्हणजे बेल्ट कापू नये म्हणून कडेवर बसवायचा कोपरा, लावा, पीळ पडलेला बेल्ट नको, गाठ मारलेला तर अजिबात नको.

निघाल्यावर वाडीवऱ्हेला थांबून सगळं परत आवळायला सांगा, माल बसतो आणि ताण जातो, मग घाट उतरायच्या आधी इगतपुरीला एकदा. ड्रायव्हर थांबला म्हणून त्याच्यावर फोन करून ओरडू नका.

आणि जबाबदारी कोणाची म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, ज्याने भरलं त्याची. ओव्हरलोडच्या कलमात सुद्धा नुसता चालवणारा नाही, चालवायला लावणारा पण धरलाय, २०१९ पासून दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. पण रस्त्यात अडवतात कोणाला, ड्रायव्हरला. म्हणून गेटच्या आत असतानाच टेकूचे, बेल्टचे, ठोकळ्यांचे फोटो काढा, ड्रायव्हरलाही काढू द्या, आणि त्याने काही हरकत घेतली तर ती बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, लिहा. त्या दिवशी बिल्टीवर माझी एक ओळ असती तर कोणाची हिंमत झाली नसती पैसे कापायची.

एक सांगायचं राहिलं, हा सगळा हिशोब घसरण्याचा आहे. तुमची मशीन उंच असेल, व्हीएमसी (उभी मिलिंग मशीन) वगैरे, तर ती घसरायच्या आधी कलंडते, तिला हे आकडे चालणार नाहीत. अशा मशीनला बनवणाऱ्याने लॅशिंगच्या, म्हणजे बांधायच्या, जागा दिलेल्या असतात आणि आतले सरकणारे भाग लॉक करायच्या पट्ट्या येतात, त्यांच्याकडून ड्रॉइंग मागवा. आणि न्हावा शेवाला कंटेनरमध्ये भरणार असाल तर तिथे जहाजाचा झोका वेगळा, तो हिशोब फॉरवर्डरकडून, म्हणजे जहाजाने माल पाठवून देणाऱ्या एजंटकडून, लेखी घ्या.