कोल्हापुरात गच्चीवर सेंद्रिय भाजीपाला करायचा आहे. सुरुवात कशी करू? रसवंतीचं चिपाड फुकट मिळतं, ते कुंडीत चालेल का?

कुंड्या आणि रोपं सगळ्यात शेवटी आणा. आधी खत, मग माती. नर्सरीतून पहिल्याच दिवशी दहा रोपं आणली की ती मिळेल त्या मातीत लागतात आणि महिनाभरात मान टाकतात.

आता चिपाड. ते चालतं, पण कच्चं कुंडीत नको. त्यात थोडी साखर उरलेली असते, त्यामुळे मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या की मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) हटत नाही, कारण त्याच्या गोड स्रावासाठी त्या त्याला राखतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. चिपाडात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं. ते कुजवणारे जिवाणू कमी पडलेलं नत्र मातीतून ओढतात आणि रोप उपाशी राहतं. खालची पानं आधी पिवळी पडतात. पाणी कमी पडलं असं वाटून आपण पाणी वाढवतो, मग मुळंही कुजतात. म्हणून चिपाडाचे बोटभर तुकडे करा, एक दिवस पाण्यात भिजवा, निथळून वाळवा आणि खताच्या ड्रममध्ये कोरडा थर म्हणून वापरा. तिथे त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. उसाचं पाचटही असंच चालतं.

ड्रम 50-60 लिटरचा पुरे. बाजूंना आणि तळाला बोट जाईल एवढी भोकं, साधारण वीतभर अंतरावर. खाली दोन विटा. तळात चार इंच चिपाड, त्यावर वाटीभर जुनं शेणखत किंवा आंबट ताक. मग रोज ओला कचरा एक भाग आणि वर कोरडं दोन भाग. आठवड्यातून दोनदा खालवर हलवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, एवढीच ओल. आंबूस वास आला तर कोरडं कमी पडलंय. आठवडाभर काहीच कुजलं नाही, तर कोरडं जास्त झालंय. मटणाची हाडं, तेलकट रस्सा, शिजवलेला भात नको, उंदीर-मांजरं येतात. दोन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचं खत मिळतं. पावसाळ्यात वेळ जास्त लागतो, आणि ड्रमवर पत्रा हवाच.

मातीसाठी एक भाग तांबडी माती, एक भाग तयार खत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पूर्ण कुजलेलं चिपाड. बारा इंचाच्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती किंवा नदीकाठचा गाळ भरू नका. पावसात चिखल, उन्हात वीट. शेणखत विकत घेत असाल तर पोतं ओतून चाळा. पांढरट, अर्धगोल वळलेल्या जाड अळ्या दिसल्या तर वेचून काढा. त्यात हुमणी असू शकते आणि ती मुळंच खाते. ताजं शेण कुंडीत कधीच नको, कुजताना तापतं.

पालेभाजीला सहा इंच खोली पुरते, वांगी-मिरची-टोमॅटोला बारा. कुंड्या विटांवर ठेवा, म्हणजे पाणी निघतं आणि स्लॅबवर ओल साचत नाही. ओली माती फार जड असते, जुन्या घराच्या गच्चीवर मधोमध ढीग न करता भिंतीच्या कडेने ओळ लावा.

जीवामृत घरापुरतं करायचं तर 10 लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती. गूळ काळपटच घ्या. हायड्रो पावडर घालून उजळलेला पिवळाधमक नको. तोंडाला गोणपाट बांधा, घट्ट झाकण नको. दिवसातून दोनदा ढवळा. तीन दिवसांनी दहापट पाण्यात मिसळून दर पंधरा दिवसांनी कुंडीला अर्धा लिटर. मुसळधार पावसात घालू नका, सगळं वाहून जातं.

मावा आणि पांढऱ्या माशीला लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, आधी थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून, कारण तेल एकटं पाण्यात मिसळत नाही. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. दुपारी केली तर पानं करपतात.

वेळ म्हणाल तर ऑगस्टमध्ये ड्रम सुरू करा आणि ऑक्टोबरमध्ये पेरा. जूनमध्ये नवख्याने बी टाकू नये, आपल्याकडचा पाऊस ते वाहून नेतो किंवा कुजवतो. पहिली भाजी मेथी. बी रात्रभर भिजवून पसरा, वर अर्धा इंच माती, उगवेपर्यंत पाणी झारीनेच. महिन्याभरात ती काढणीला येते. मुळासकट उपटू नका, दोन बोटं ठेवून कापा, म्हणजे पुन्हा फुटते.